कॅमेरा कुणाचा, कात्री कुणाची?

आपल्या शिबिरांमध्ये हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : आता कॅमेरा आपल्या हातात आला आहे. खरं आहे ते. वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल आहे, कुठे अत्याचार झाला की पोलिसांच्या आधी आपला व्हिडिओ पोहोचतो. पण कॅमेरा आपल्या हातात आला म्हणजे काम झालं, असं समजून आपण फसतो आहोत, आणि हे मी आधी स्वतःबद्दल बोलते आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही सत्यशोधनासाठी गेलो होतो. गायरान जमिनीच्या वादातून एका बौद्ध कुटुंबाला मारहाण झाली होती. घरातली मावशी माझ्याशी बावीस मिनिटं बोलली. मी ते मोबाइलवर घेतलं, रात्री लॉजवर बसून कापलं आणि पावणेतीन मिनिटांचा तुकडा टाकला. तो खूप फिरला. आमच्याच लोकांनी हजारोंनी पुढे पाठवला. चार महिन्यांनी तारखेला कोर्टाबाहेर मावशी भेटली. म्हणाली, "ताई, पोराने दाखवला मला तुझा व्हिडिओ. तू माझं रडणं ठेवलंस आणि जमिनीचं काढून टाकलंस."

घरी येऊन मी मूळ चित्रीकरण पुन्हा पाहिलं. बावीस मिनिटांतली पंधरा-सोळा मिनिटं ती जमिनीबद्दल बोलत होती. कुठली जमीन, किती वर्षं कसली, तलाठ्याकडे कितीदा गेलो, कोण सरपंच असताना काय झालं. रडली ती शेवटी. कॅमेरा आंबेडकरी बाईच्या हातात होता, समोर आंबेडकरी बाईच बसलेली होती. तरी जे काम एखादं टीव्ही चॅनेल करतं तेच मी केलं. राजकीय बोलणारी बाई कापली आणि पीडित बाई ठेवली.

कॅमेरा कुणाच्या हातात, या प्रश्नाच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न उभा आहे : कात्री कुणाच्या हातात? काय घ्यायचं, काय ठेवायचं, कुणाला दाखवायचं हे ठरवताना समोरचा माणूस खोलीत असतो का? या प्रश्नाशी चाळीस वर्षांपूर्वी काही बायका झुंजल्या होत्या. त्यातली दोन कामं तर मराठीत झाली. आपल्या अभ्यासवर्गात त्यांचं नावही निघत नाही, म्हणून तो इतिहास इथे मांडते.

१९८० साली बंगळुरूमध्ये 'युगांतर' नावाचा एक गट उभा राहिला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर असे चौघे. भारतातला पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट म्हणून आता त्याचं नाव घेतलं जातं. १९८१ ते १९८३ या काळात त्यांनी चार लघुचित्रपट केले, सगळे साधारण अर्ध्या तासाचे. पुण्यातल्या घरकामगार बायकांवरचा 'मोलकरीण', निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरचा 'तंबाखू चाकीला ऊब आली', हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबरचा तेलुगू 'इदि कथा मात्रमेना', आणि चिपको आंदोलनातल्या एका पहाडी बाईवरचा 'सुदेशा'.

हे नेमकं तेव्हाच का घडलं, हे समजण्यासाठी त्या काळाकडे बघावं लागतं. आणीबाणी उठून तीन वर्षं झाली होती. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली पोलिसांना निर्दोष सोडलं, आणि त्या निकालाविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या. शहरोशहरी स्त्रियांचे गट उभे राहिले. आपल्याकडे याच सुमाराला काय चाललं होतं ते आपल्याला पाठ आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. एकाच दशकात, एकाच राज्यात या दोन चळवळी चालल्या होत्या. त्या एकमेकींशी किती बोलल्या? फार कमी. याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण या चित्रपटांची ताकद आणि त्यांची मर्यादा दोन्ही तिथेच आहेत.

माहितीपट म्हटलं की तेव्हाच्या माणसाला एकच गोष्ट माहीत होती : फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली सरकारने सुरू केलेली ही संस्था. सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी तिची रिळं दाखवणं सक्तीचं होतं. धरणं, पंचवार्षिक योजना, कुटुंबनियोजन. पडद्यावर गरीब बाई दिसे, पण बोलत असे एक भारदस्त पुरुषी आवाज, जो पडद्यावर कधीच येत नसे. बाईचे फक्त हात चालताना दिसत. त्या आवाजाला सगळं ठाऊक असे, बाईला काहीच नसे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'वस्तुनिष्ठता' शिकवली जात होती तेव्हा मला हाच आवाज आठवायचा.

युगांतरने पहिलं काय केलं असेल तर हा आवाज काढून टाकला. त्या जागी मोलकरणींचा, वखारीतल्या बायकांचा आवाज आला.

'मोलकरीण' आधी बघू. १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला. ज्या बाईला कुणी कामगारच मानत नव्हतं, जिला मालकाच्या घरात 'आमची बाई' म्हटलं जायचं, तिने काम बंद ठेवलं आणि मोर्चा काढला. पगारवाढ हवी, आजारपणाची सुट्टी हवी आणि ती घेतली म्हणून काम जाऊ नये. या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहराच्या वस्त्यांमध्ये आलेली कुटुंबं आठवा. आपल्यापैकी कितीजणांच्या आज्या आणि आया याच कामातून घर चालवत होत्या! युगांतर या संघटनेबरोबर उभी राहिली. हा चित्रपट महोत्सवासाठी काढलेला नव्हता. एका वस्तीतल्या बायकांचं म्हणणं दुसऱ्या वस्तीतल्या बायकांपर्यंत पोहोचावं, संघटना वाढावी, यासाठी तो होता. चार घरची भांडी घासणारी बाई दिवसभर एकटी असते. कारखान्यातल्या कामगारासारखं दारावर गाठून तिच्याशी बोलता येत नाही. अशा विखुरलेल्या बायकांना एकमेकींचं बोलणं एका जागी ऐकायला मिळणं हेच संघटनेचं अर्धं काम होतं.

'तंबाखू चाकीला ऊब आली' हा दुसरा चित्रपट, आणि माझ्या मते चारांतला सगळ्यात भक्कम. निपाणी म्हणजे सीमाभाग, राज्य कर्नाटक, बोली मराठी. आंबेडकरी वाचकाला निपाणी वेगळ्या कारणाने माहीत असायला हवी. १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद तिथेच भरली होती. विडीच्या तंबाखूचा मोठा व्यापार या गावात. वखारींमध्ये बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. बंद जागा, डोळ्यात-नाकात जाणारी धूळ, तुटपुंजी मजुरी, आणि वर वखारीतल्या पुरुषांचा जाच. या बायकांनी कामगार संघटना बांधली आणि असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या क्षेत्रातला त्या काळातला एक मोठा लढा उभा केला.

युगांतरचे लोक निपाणीत दोन दिवस येऊन मुलाखती घेऊन गेले नाहीत. काही महिने राहिले, बायकांबरोबर बसले, ऐकलं. चित्रपटात काय यावं यावर बायकांशी चर्चा झाल्या. कोणत्या तक्रारी मोठ्या, कोणत्या बाहेर सांगायच्या, वखारीच्या आतलं काम दाखवायचं तर कसं, हे त्यांच्याबरोबर ठरत गेलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण ती राजकीयही आहे. हे चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर झाले. चारशे फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. रीळ महाग, धुलाई महाग, आणि घेतलेलं पुसता येत नाही. म्हणजे कॅमेरा सुरू करण्याआधी बोलणं भाग होतं. काय घ्यायचं हे आधी ठरवावं लागे. आपल्याकडे उलटं आहे. मोबाइलवर हवं तितकं घेता येतं, म्हणून आधी कुणीच काही ठरवत नाही, आणि सगळा निर्णय नंतर एकट्या माणसाच्या अंगठ्यावर येऊन पडतो. मी लॉजवर बसून कापलं तसं. फिल्मची टंचाई चांगली होती असं मला म्हणायचं नाही. त्या टंचाईमुळेच तर आपल्या लोकांना कॅमेरा कधी मिळाला नाही. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रित करायला सरकार किंवा कुठली चित्रपट कंपनी पुढे आली नाही. नामदेव व्हटकरांनी आपला छापखाना पणाला लावून ते काम केलं, आणि आज आपण ती दृश्यं बघू शकतो ती त्यांच्यामुळे. फिल्मची किंमत काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुद्दा एवढाच की आधी बसून बोलण्याची जी शिस्त त्यांच्यावर परिस्थितीने लादली, ती आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

तिसऱ्या चित्रपटात तर त्यांनी माहितीपटाची चौकटच मोडली. विषय घरातली मारहाण. आता खऱ्या बाईला कॅमेऱ्यासमोर बसवून तिचा नवरा तिला कसा मारतो हे सांगायला लावायचं का? रात्री तिला त्याच घरात परत जायचं आहे. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायकांनी आणि युगांतरने मिळून यावर उत्तर काढलं. स्वतःचे आणि ओळखीतल्या बायकांचे अनुभव एकत्र करून गोष्ट रचली आणि संघटनेच्या बायकांनीच ती अभिनय करून दाखवली. नावाचा अर्थच 'ही फक्त गोष्टच आहे का?' असा होतो. अनुभव खरा आणि बाई सुरक्षित. आपल्याकडे जलसा आणि पथनाट्य करणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. भीमराव कर्डकांच्या जलशात हेच होत होतं, वस्तीचा अनुभव वस्तीतलीच माणसं सोंग घेऊन सांगत होती. पण हातात मोबाइल आला की आपण हे विसरतो आणि थेट जखमेवर कॅमेरा धरतो. खैरलांजीचे फोटो आठवा. त्या फोटोंनी लोक रस्त्यावर आले हे खरं आहे. ते फोटो फिरवताना भोतमांगे मायलेकींच्या देहाचा मान कुणी राखला, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

याच स्त्री शक्ती संघटनेने नंतर तेलंगणाच्या लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८६ साली तेलुगूत पुस्तक काढलं. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेल्या बायकांना शोधत या दोघी गावोगाव, वस्तीवस्तीत फिरल्या. ज्यांचं नाव कुठल्याच ग्रंथात नव्हतं अशा म्हाताऱ्या बायकांसमोर बसून त्यांनी ऐकलं. मला कुणी विचारलं की आंबेडकरी स्त्रीवादी माहितीपटाची परंपरा कुठून सुरू होते, तर मी या पुस्तकाकडे बोट दाखवीन. त्यात कॅमेरा नाही, पण पद्धत तीच आहे. आणि युगांतरला जे जमलं नाही ते त्यात आहे.

काय जमलं नाही? जात. 'मोलकरीण' आणि 'तंबाखू' दोन्हीची मांडणी बाई आणि मजूर या दोन खांबांवर उभी आहे. जात हा त्या मांडणीचा कणा नाही. पण घरकाम म्हणजे काय हे आपण जाणतो. स्वयंपाकाला कोणत्या जातीची बाई घेतात आणि संडास धुवायला कोणत्या जातीची, हे बाजारभावाने ठरत नाही. एकाच घरात दोन बायका काम करतात, एकीला ओट्यापर्यंत जाता येतं, दुसरीला मोरीपर्यंतच. ही मजुरीची विभागणी नाही, मजुरांची विभागणी आहे. बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडून ठेवलं होतं. १९८० च्या स्त्रीवादी गटांनी ते वाचलं नाही, किंवा वाचून बाजूला ठेवलं. नामांतराचा वणवा पेटलेला असताना त्याच राज्यातल्या कष्टकरी बाईवर काम करायचं आणि जात बाजूला राहते, हा योगायोग नव्हे. त्या काळच्या स्त्री चळवळीच्या डोळ्यावरची ती पट्टी होती.

इथे आपले काही मित्र म्हणतील, मग सोडा ना, सवर्ण स्त्रीवाद्यांचं कौतुक कशाला? मला हे पटत नाही. कारण ही पट्टी आपोआप सुटली नाही, आपल्या बायकांनी ती ओढून काढली. १९९५ साली दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षी गोपाळ गुरूंनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात याची मांडणी केली, आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी ती वादाला घेत पुढे नेली. दलित स्त्रियांच्या या भूमिकेनंतर स्त्री चळवळीला जात टाळून बोलणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. युगांतरमधल्या दीपा धनराज यांनीच पुढे १९९१ मध्ये 'समथिंग लाइक अ वॉर' काढून सरकारी कुटुंबनियोजनाने गरीब बायकांच्या शरीराशी काय केलं ते दाखवलं, आणि २०१८ मध्ये रोहित वेमुलाच्या संस्थात्मक खुनानंतरच्या आंदोलनावर 'वुई हॅव नॉट कम हिअर टू डाय' केला. एकाच व्यक्तीच्या कामात हा प्रवास दिसतो. तो कुणाच्या दबावाने झाला, याचं श्रेय मात्र आपण आपल्या बायकांना देत नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण, कारण फक्त चांगलं सांगून चालणार नाही. 'खबर लहरिया' हे २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये सुरू झालेलं वृत्तपत्र. ग्रामीण बायका, त्यातही दलित बायका, ते चालवतात. त्यांच्यावर 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट निघाला, २०२१ मध्ये सनडान्सला गाजला, २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आपण सगळ्यांनी त्याचे फोटो अभिमानाने लावले. मीही लावले. आणि ऑस्करच्या काही दिवस आधी, मार्च २०२२ मध्ये, खुद्द खबर लहरियाने निवेदन काढलं की या चित्रपटात दिसतो तो आमच्या कामाचा अर्धवट भाग आहे. एकाच पक्षावर बातम्या देणारी संस्था म्हणून आम्हाला दाखवलं गेलं, आणि आम्ही तशा नाही.

दिग्दर्शकांची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. चित्रपट देखणा आहे, त्यातल्या बायका ताठ मानेच्या आहेत, रडक्या नाहीत. पण विचार करा. ज्यांचा रोजचा धंदाच बातमी कापणं आणि लावणं हा आहे, ज्या स्वतः कॅमेरा चालवतात, त्या बायकांनाही आपल्याबद्दल काय सांगितलं गेलं यावर नंतर पत्रक काढून बोलावं लागलं. मग गायरान जमिनीवरच्या माझ्या मावशीने काय करायचं? तिने तारखेला मला गाठलं, ही तिची हिंमत.

युगांतरचे चित्रपट अनेक वर्षं डब्यात पडून होते. अलीकडे बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेत त्यांचं डिजिटल जतन झालं म्हणून ते पुन्हा बघायला मिळू लागले. पुण्याच्या मोलकरणी बर्लिनला जपल्या गेल्या आणि पुण्याच्या वस्तीत त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, हे जरा खटकतं. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कुणी दान दिलेला नाही, त्याच्या मुळाशी १९८० पासूनचे असे संप आणि संघटना आहेत. घरेलू कामगार म्हणून नोंदणी करून घेणाऱ्या आजच्या बायकांना हा इतिहास सांगितला जात नाही.

म्हणून मागच्या महिन्यात आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात 'मोलकरीण' दाखवला. पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, तीसेक बायका, त्यातल्या बहुतेक घरकामाला जाणाऱ्या. सुरुवातीला हसल्या, साड्या आणि केसांच्या पद्धती बघून. मग गप्प झाल्या. संपल्यावर पहिली बोलली ती सत्तरीतली आक्का, "आमच्या वक्ताला असंच होतं." तिच्या शेजारची म्हणाली, "आता तरी काय वेगळंय?" मग पगारावरून बोलणं निघालं, कुठल्या सोसायटीत कामवाल्या बायकांना लिफ्ट वेगळी आहे त्यावरून वाद झाला. एकजण म्हणाली, "ताई, आपण काढला ना असा, तर पहिलं आडनावाचं घ्यायचं. आडनाव विचारल्याशिवाय काम देत नाहीत, आणि मी दोन घरी खोटं सांगितलंय."

मी म्हटलं, काढू या. तेव्हा तीच लगेच सावध झाली. "काढू, पण माझं तोंड नाही दाखवायचं. मालकिणीने बघितलं तर दोन्ही कामं जातील." दुसरी म्हणाली, मग आवाज पण ओळखतील. तिसरीने सुचवलं की नाटक करू, मी मालकीण होते. हशा झाला. आक्का म्हणाली, "आधी सगळं कागदावर लिहा, मग आम्हाला वाचून दाखवा, मग बघू."

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता बसणार आहोत. मोबाइल बाहेर ठेवून यायचं, असं आक्काने सगळ्यांना बजावलंय, मलाही.